नवसाचा बोकड आणि सुरयांचं बेट

माझ्या नोकरीबद्दल आमच्या भावकीत कुणाचंच कधी समाधान झालं नाही. लग्नकार्यात एखादी आत्या मला कोपऱ्यात गाठायची आणि विचारायची, "कुठं असतीस गं हल्ली?"

"बेटावर."

"कोण राहतंय तितं?"

"कोणीच नाही."

"मग करतीस काय तितं?"

"गवत बघते. पक्षी मोजते."

त्यावर आत्या माझ्याकडं असं बघायची, की पोरीला एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून आणायला पाहिजे. आता निवृत्त होऊन राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बसलेय, तर शेजारणीही तेच विचारतात. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

मी मूळची कोल्हापूरच्या कसबा बावड्याची. चहूकडं ऊस. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि पाणी खारट आहे हे खोटं वाटून घोटभर प्याले होते. अशा बाईला वनस्पतिशास्त्राची पदवी मिळाली, एका संशोधन संस्थेत काम मिळालं आणि संस्थेनं सांगितलं, की घाट उतरून खाली जा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर जी निर्मनुष्य बेटं आहेत, त्यांवर काय उगवतं आणि काय जगतं ते नोंदवून आण. माझी सगळी उमेदीची वर्षं त्यातच गेली. परत जन्म मिळाला तर परत तेच करीन.

बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळू आणि माड येतात. आमची बेटं तसली नव्हेत. जमिनीवरची टेकडी समुद्रात बुडत गेली आणि शेंडा तेवढा वर उरला, असं समजा. काळा खडक, त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर. गोड पाण्याचा थेंब नाही. पश्चिमेकडून लाटा आपटत असतात, म्हणून ती बाजू उघडीबोडकी. पूर्वेकडच्या उतारावर जरा आडोसा, तिथं खाचाखोचांत साठलेल्या मातीत गवत. एखाद्या भेगेत वडाचं रोप, तेही वाऱ्यानं पार वाकवलेलं. बस्स, एवढाच संसार. आपल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात दोन-तीन बसतील एवढीशी ही बेटं.

पण त्या एवढ्याशा जागेत काय काय नांदायचं! खाली कपारीत गुहा, तिच्या छताला पाकोळ्यांची घरटी, स्वतःच्या लाळेनं चिकटवलेली. गुहेत गडद अंधार असतो, आणि त्या काळोखात पाकोळ्या टिक टिक असा आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढत उडतात. माथ्यावर काकणाचं, म्हणजे समुद्रगरुडाचं घरटं. त्याच्याखाली समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असायचे. आणि उन्हाळा सरत आला की शेकड्यांनी सुरय यायचे. टोकदार पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा देखणा पक्षी. वर्षभर समुद्रावर काढतो, जमिनीला पाय लावतो तो अंडं घालण्यापुरता. अंडंही एकच. दगडाच्या कडेला, गवताच्या झुबक्याखाली ते ठेवतो, कारण उघड्या खडकावर वैशाखात अंडं तासाभरात शिजून निघेल. ते गवत म्हणजे सुरयाच्या घराचं छप्पर, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी रामकहाणी त्याच्यावरच आहे.

ज्या बेटाची गोष्ट सांगणार आहे त्याचं खरं नाव लिहीत नाही. पाकोळ्यांची घरटी चोरून विकणारे अजून फिरतात. आपण त्याला धवळी म्हणू.

धवळीवर मला न्यायचा जानू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सडपातळ, काळाभोर आणि अबोल माणूस. बेटाला धक्का नसतो, त्यामुळं होडीतून खडकावर उडी मारायची. जानू होडी खडकाजवळ नेऊन धरायचा, लाटांकडं बघत राहायचा आणि एखादी लाट होडीला वर उचलायला लागली की म्हणायचा, "आता!" त्या 'आता'ला उडी. विचार करत बसलात तर लाट खाली जाते आणि तुम्ही खडक आणि होडीच्या मधे सापडता. पहिल्या वर्षी मी गुडघे फोडून घेतले, मग जमलं.

दुसरी अडचण माझ्या आवाजाची. आमच्याकडं शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला बोलायची सवय. पक्षी अंड्यांवर बसलेले असताना आवाज झाला की सगळे एकदम उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. जानू हळूच म्हणायचा, "बाय, तुमी कोल्हापूरची मानसा कुजबुजतात ता बंदरार आयकाक येता." शेवटी आम्ही खुणांनीच बोलायला लागलो. त्याला तेच पाहिजे होतं.

जानूची बायको शेवंतीवहिनी मात्र नवऱ्याच्या वाटचं सगळं बोलून घ्यायची. समुद्रावरून आले की तिच्या ओटीवर बसायचं, सोलकढी प्यायची आणि ती विचारेल त्याला उत्तर द्यायचं. मला भाऊ आहे, बहीण नाही. लग्न केलं नाही, म्हणून नणंद-जाऊ नाही. ते सगळं नातं मला शेवंतीवहिनीनं दिलं. मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला "गो बाय".

एका वर्षी दसरा झाल्यावर आम्ही धवळीवरून परत येताना इंजिनात पाणी गेलं. होडी बंद. नांगर टाकला तर दोर तुटला. वारा बाहेरच्या बाजूला ओढत होता. रात्र समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रॉलरनं आम्हाला पाहिलं आणि बांधून आणलं. बंदरात उतरलो तेव्हा शेवंतीवहिनी पाण्यात कमरेपर्यंत उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या. आणि मग आम्हा दोघांना अशा शिव्या घातल्या, की कोल्हापूरच्या बाईनंही कानावर हात ठेवावा.

त्या रात्री तिनं काय बोलून ठेवलं होतं, ते मला महिन्याभरानं कळलं. धवळीवर परत गेले. उतारावर चढताना पायाखाली काळ्या काळ्या गोळ्या. बावड्याच्या पोरीला शेळीच्या लेंड्या ओळखायला पदवी लागत नाही. मी वळून जानूकडं बघितलं. जानू आभाळाकडं बघायला लागला. तेवढ्यात माथ्यावर, काकणाच्या घरट्याशेजारी, एक तांबडा बोकड येऊन उभा राहिला. गळ्यात लाल दोरा, कपाळाला हळद. "ब्यां" केलं आणि माझं गवत चघळत उभा राहिला!

"जानूभाऊ, हे काय?"

"नवसाचो."

"कुणाच्या?"

"आमच्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्याय."

धवळीच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो त्या पाण्याचा राखणदार. शेवंतीवहिनीनं त्याला सांगितलं होतं, की दोघांना जिवंत आणलंस तर जिवंत बोकड तुझ्या पायाशी सोडीन. कापीन असं नाही म्हणाली, सोडीन म्हणाली. जिवाच्या बदल्यात जीव, तोही जिवंत. पिलापासून वाढवलेला घरचा बोकड तिनं होडीत घालून पाठवला.

मी तिच्या ओटीवर जाऊन सांगायला लागले, की वहिनी, तिथं पाणी नाही, तो मरेल. ती म्हणाली, "मरात कसो? ह्ये आठवड्यान एकदा पानी नेऊन घालतत ना!" म्हणजे आमचा जानू डबे भरून देवाच्या बोकडाला पाणी पोचवत होता. पाण्यापायी तरी बोकड बेटावरून निघेल, ही माझी आशा संपली. मी म्हटलं, आपण त्याला परत आणू. तसा तिचा चेहराच बदलला.

"तेका हात लावशात तर बघ. तो जितो असा तवसर तुमी दोगा जिती असात. माका देवाकडे खोटी पाडू नको."

आता बोला! मी कोणत्या तोंडानं भांडणार? तो अर्धा बोकड माझ्याच नावाचा होता. माझा जीव वाचला म्हणून कुणीतरी घरचं जनावर देवाला दिलं होतं. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. आणि त्याच बोकडाच्या जिवावर मी उठले होते.

उन्हाळ्यापर्यंत धवळीचा पूर्व उतार न्हाव्यानं हात फिरवल्यासारखा झाला. एक बोकड, पण जागा ती किती! झुबक्याचं मूळसुद्धा त्यानं ठेवलं नाही. ठरल्या वेळी सुरय आले. उतारावर घिरट्या घालत राहिले, आणि मग काही करता येईना तसे उघड्या दगडावरच अंडी घालायला लागले. पहिल्याच आठवड्यात काही अंडी बोकडाच्या खुरांनी फुटली, काही उन्हानं गेली. एक मादी उन्हात पंख पसरून उभी होती, चोच उघडी, धापा टाकत, अंड्यावर सावली धरून. मी जानूकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्यालाही ते बघवत नव्हतं, पण बायकोच्या शब्दापुढं तो जाणार नव्हता, आणि जायला नको होतंच.

संस्थेतल्या साहेबांनी सोपा उपाय सांगितला: वनखात्याला कळवा, ते उचलून नेतील. मी कळवलं नाही. त्या घरात परत पाऊल टाकायला मला तोंड राहिलं नसतं. मी वहिनीलाच जाऊन म्हटलं, "तूच सांग, काय करू?"

तिनं उठून देवापुढं दिवा लावला. मग म्हणाली, "देवाक इचारया."

ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायचं ठरलं. देवाच्या अंगाला डावी-उजवीकडं पाकळ्या चिकटवतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवाला मोठ्यानं सांगतो. मग उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विज्ञानाची माणूस, पण हात जोडून उभी राहिले. पाऊस तोंडावर आला होता. होड्या एकदा वर ओढल्या, की चार महिने धवळीला कोणी जाऊ शकणार नव्हतं, आणि चार महिन्यांत सुरयांचं एकही पिल्लू उरलं नसतं.

गावकरानं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी असत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. कोल्हापुरी आवाज माझाच सर्वांत वर.

"राखणदाराक सोडलेलो बोकड भायर काडूचो म्हणतत. तुजी मर्जी असा तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावी पाकळी पडली.

वहिनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण गावकर काही खचला नाही. कोकणातला माणूस देवाशीही शेवटपर्यंत बोलणी करतो. त्यानं परत पाकळ्या लावल्या आणि वहिनीला विचारलं, "तुजा म्हणना काय, सांग बगू नीट."

वहिनी पुढं झाली. "बोकड कापूचो नाय," ती म्हणाली, "इकूचो नाय. राखणदाराचोच रवतलो. फकस्त जागो बदलूचो. जेच्या नावान सोडलो, तेनी आपल्या घरात संबाळूचो. मराण येयसर."

गावकरानं तेच देवाला सांगितलं. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. पाकळी हलेना. बाहेर बायका कुजबुजत होत्या. आणि मग, कुणाचा श्वास लागावा तशी, उजवी पाकळी सुटून खाली आली.

वहिनी माझ्याकडं वळली. "आमच्या हय ठेवलो तर शिमग्याक कोणतरी खातलो. तू घेऊन जा."

सुरक्षित जागा म्हणून बोकड कोल्हापुरात नेणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

पण आधी तो हातात यायला पाहिजे. जानू आणि मी दोरी घेऊन त्याच्या मागं धावलो, तर तो सरळ कड्यावर. दुसऱ्या खेपेला वहिनी स्वतः निघाली. मासेमारीच्या होडीत घरची बाई चढत नाही. मी चढायची, पण मी कोल्हापूरची, माझी गणती कुठं बाईत होती! वहिनीनं राखणदाराला हात जोडले, लुगडं खोचलं आणि चढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचा सगळा जन्म ज्या पाण्यावर गेला ते पाणी तिनं पहिल्यांदाच आतून बघितलं. जानूनं "आता" म्हटल्यावर तिनं अशी उडी मारली, की मला माझ्या फुटलेल्या गुडघ्यांची लाज वाटली.

तिनं हाक घातली. "ये रे, ये ये!" बोकड कड्यावरून उतरून तिच्या हातात नाक घालायला आला. दोरी बांधायला ती वाकली आणि एकदम थबकली. तिच्या पायापाशी, उघड्या दगडावर, ठिपक्याठिपक्यांचं एक अंडं होतं. वर सुरय आक्रोश करत फिरत होते. ती तिथंच खाली बसली आणि तिनं पदर त्या अंड्यावर धरला.

"आयशीक कळना नसतला गो, खय ठेवचा ता," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. जानू होडीतून खुणा करत होता, लाटा वाढायला लागल्या होत्या. आम्ही आसपासचे सपाट दगड उचलून त्या अंड्यावर आणि जवळच्या दोन-चारांवर छपरं उभी केली, आणि निघालो.

संस्थेच्या जीपमधून बोकड घाट चढला. वाटेत त्यानं सीटचं कव्हर खाल्लं. बावड्यात माझ्या भावाच्या, शिवाच्या गोठ्यापुढं जीप थांबली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"आक्का! काय झ्याक बोकड हाय! रविवारीच करूया की."

"हा कापायचा नाही, शिवा."

"मग?"

"सांभाळायचा. मरेपर्यंत."

शिवानं बोकडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कापायचा न्हाय तर आणलास तरी कशाला?"

मी सगळं सांगितलं. तो म्हशीच्या गव्हाणीवर बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजी तुजा जीव ह्याच्यात हाय?"

"तसं वहिनी म्हणते."

"मग र्‍हाऊ दे की." उठला आणि बोकडाला वैरण टाकली. माझ्या भावाबद्दल मी कुठं चांगलं बोलत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

गल्लीत बोकडाचं नाव पडलं पावणं. कोल्हापुरात पावण्याला हात लावत नाहीत, एवढाच काय तो आधार. तरी दर रविवारी मटणाच्या दुकानाकडं निघालेले लोक गोठ्यापाशी पाय रेंगाळत जायचे. "शिवा, ह्याचा पांढरा रस्सा काय हुईल रं!" शिवा काठी उचलायचा. भावजयीला त्याच्या वासानं जेवण जात नव्हतं, पण पाहुण्याला पहिली भाकरी तीच द्यायची.

आणि दर गुरुवारी शेवंतीवहिनीचा फोन. "पावणो बरो असा मा?" मी सांगायची, बरा आहे, मका खातो, काल शिवाला ढुशी दिली. मग विचारायची, तू जेवलंस काय, पाय दुखता ता कसा असा, एकटीच निजतंस तर कडी लाय हो. जानूचं सगळं सांगायची. पुढच्या दोन पावसाळ्यांत धवळीवर गवत परत आलं, सुरय छपराखाली गेले, वनखात्यानं तिथं चढायला बंदी घातली. काम कागदावर पुरं झालं. मी निवृत्त झाले आणि समुद्र माझ्यासाठी संपला. खरं सांगू? ती बेटं डोळ्यांपुढून जात नाहीत. रंकाळा तळ्यावर फिरायला गेले तरी नजर पाण्यातला खडक शोधते. पण फोन काही चुकला नाही. इतक्या वर्षांत एकही गुरुवार नाही.

मागच्या थंडीत पावणं म्हातारपणानं गेलं. रात्रीचं झोपलं ते उठलंच नाही. शिवानं उसाच्या बांधाला खड्डा घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आक्का, वैनीला सांगू नगंस. दुसरा बोकड बांधूया. फोनवर काय कळतंय?"

पटलं मला ते. जानू त्या दिवसांत खोकल्यानं अंथरुणाला होता. बोकड गेला म्हणून सांगितलं तर वहिनी नवऱ्याच्या उशाशी बसून दिवस मोजत बसेल, हे मला दिसत होतं. पण खोटं बोलायला जीभ वळेना. गुरुवारी फोन वाजला, मी उचलला नाही. परत वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला. शेवटी एसटीत बसले आणि घाट उतरले. म्हटलं, जे सांगायचं ते तोंडावर.

जानू ओटीवर गोधडी घेऊन बसला होता. बारीक झालेला, पण डोळे तसेच. मला बघून त्यानं आत हाक मारली. वहिनी दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. मी पाय धुवायलाही थांबले नाही. म्हटलं, "वहिनी, पावणं गेलं."

ती खाली उतरली, माझ्यापाशी आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"मेल्ये, फोन कित्या उचललंस नाय?" ती म्हणाली. "माका वाटला, तूच गेलंस."

"अगं, पण बोकड... जानूभाऊ आजारी... मला भीती वाटली, तू..."

"ह्यो?" तिनं नवऱ्याकडं बघितलंही नाही. "ह्यो हयच असा. सकाळ-सांज माझ्या डोळ्यांसमोर खोकता. ह्येची खबर माका बोकडाक कित्या इचारूक व्हयी? तू थयसर एकटी. तुजी खबर माका कोन सांगतलो? रोज रोज 'तू बरी असस मा' म्हणान इचारलंय असता, तर तू कोल्हापूरची, तुका राग इलो असतो. म्हणान पावण्याची इचारी."

मी ओटीवर बसले. जानू माझ्याकडं बघून हसत होता. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं.

दोन दिवस राहून परत आले. पुढच्या गुरुवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. मी पहिल्या रिंगला उचलला.

"तू बरी असस मा गो?" तिनं विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं. "जेवले. कडीही लावलीय."